साळिंदराला काढले तेव्हा

एका जंगलात एक वानर राहत असे, आणि कुठेही काही घडले की तिथे त्याच्या आधी त्याचा आवाज पोचत असे. स्वभावाने तो वाईट नव्हता. शेजारच्या पिल्लाला ताप आला तर लांबून पाला आणून देई, वादळात पडलेली घरटी वर उचलून ठेवी. पण चार जण जमले आणि ओरडायला मिळाले की त्याला फार बरे वाटे.

मुलांनो, तुम्ही शाळेच्या मैदानावर बास्केटबॉल खेळता ना, तसाच एक खेळ त्या जंगलात चाले. ओढ्याच्या अलीकडे राहणाऱ्यांचा एक संघ आणि पलीकडे राहणाऱ्यांचा दुसरा. मैदानाच्या एका टोकाला अर्जुनाचे झाड होते, दुसऱ्या टोकाला ऐनाचे. दोन्ही झाडांच्या खोडांत उंचावर ढोली होती. वाळलेले कवठ समोरच्यांच्या ढोलीत टाकायचे, एवढाच खेळ. दुपार कलली की तो सुरू होई आणि मैदानाकडेच्या चिंचेची सावली वारुळाला टेकली की संपे.

त्या जंगलात खेळाइतकीच एक जुनी रीत होती. खेळ संपला की हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकाने मैदानाकडेच्या खडकावर चढायचे. जंगलाचा प्रमुख होता गवा. तो सर्वांसमोर विचारी, "चूक कुणाची?" प्रशिक्षकाने उत्तर द्यायचे आणि ज्याची चूक असेल त्याची प्रेक्षकांनी मनसोक्त हुर्यो उडवायची. ही रीत कुणी घातली ते कुणालाच ठाऊक नव्हते. सर्वांना ती न्यायाची वाटे, कारण ओरडून झाल्यावर रात्री झोप चांगली लागे.

अलीकडच्या संघाचा प्रशिक्षक एक साळिंदर होता. तो कुणालाच आवडत नसे. तो कधी हसत नसे. जिंकल्यावर प्रेक्षकांकडे वळून मानही डोलवत नसे. कुणी कौतुकाने विचारले, "काय सर, आज काय ठरवलंय?" तर "खेळायचं ठरवलंय" म्हणून चालू लागे. एकदा मोराने त्याला आपला नाच पाहायला बोलावले. "सराव आहे," एवढेच म्हणून साळिंदर गेला नाही. त्या दिवसापासून मोरही त्याच्या विरुद्ध झाला. प्रेक्षक पाठीमागे त्याला 'काटेमास्तर' म्हणत. पुढे पुढे तोंडावरही म्हणू लागले.

वानराचा राग मात्र वेगळ्याच गोष्टीवर होता. त्याची लेक त्या संघात खेळत असे. तिच्या हातून कवठ सुटले की वाट माहीत असल्यासारखे ते ढोलीकडे जाई. असे असूनही सावली वारुळाजवळ आली, खेळ अगदी रंगात आला, की साळिंदर तिला बाहेर बोलावी आणि तिच्या जागी अस्वलाच्या पोराला पाठवी. अस्वलाचे पोर गुणी होते. त्याला कशाचीच घाई नसे आणि कशाचीच भीती नसे. फक्त नेम नव्हता. त्याचे कवठ कधी खोडावर आपटे, कधी प्रेक्षकांत येऊन पडे. अशाने अलीकडचा संघ हातात आलेले सामने हरत असे.

शेवटच्या त्या घटकेला वानर आपल्या फांदीवर उभा राही आणि छाती भरून "हूऽऽप" करी. त्याच्या पाठोपाठ सगळे ओरडू लागत. झाडांची पानेसुद्धा थरथरत. आपल्या आवाजाने पोरांच्या अंगात बळ येते, अशी वानराची खात्री होती.

मग खडकावर गवा विचारी, "चूक कुणाची?" साळिंदर म्हणे, "माझी." दर वेळी हेच. शेवटी शेवटी वानर उत्तराची वाटही पाहत नसे. गव्याचा प्रश्न संपायच्या आत तो सुरू होई, आणि फळांची सालपटे, कोयी, चिखलाचे गोळे खडकाकडे उडत. साळिंदर पाठीवरचे काटे उभे करून बसून राही. सगळे दमले की अंग झाडून निघून जाई.

एकदा पलीकडच्यांशी फार चुरशीचा सामना झाला. शेवटी वानराची लेक बाहेर आली, अस्वलाचे पोर आत गेले आणि त्याने टाकलेले कवठ रानडुकराच्या पाठीवर पडले. अलीकडचा संघ पुन्हा हरला.

"चूक कुणाची?" गव्याने विचारले.

"माझी," साळिंदर म्हणाला.

"ऐकलंत? परत यांचीच!" कावळा ओरडला. हा कावळा वानराच्या शेजारच्या फांदीवर बसून सामने पाही. "मागच्या वेळी यांची, त्याच्या मागच्या वेळी यांची. अहो काटेमास्तर, चुकांचा मक्ता घेतलाय काय?"

मोठा हशा पिकला. वानर फांदीवरून उतरून गव्यापुढे आला.

"गवेदादा, एक विचारू? चोर आपण होऊन म्हणाला की चोरी मी केली, तर साक्षीदार लागतो का?"

गव्याला विचार करायला वेळ लागे. त्याने तो घेतला. "नाही लागत," तो म्हणाला.

"मग हे मास्तर दर वेळी सगळ्यांदेखत कबूल करताहेत. आम्ही बोटसुद्धा दाखवलं नाही. तरी ते अजून जागेवर कसे?"

हे बोलणे सगळ्यांना बिनतोड वाटले. गव्यालाही वाटले. तो साळिंदराकडे वळला. "मास्तर, तुम्हाला काही सांगायचंय?"

साळिंदराने खेळाडूंकडे पाहिले. वानराची लेक एक पाऊल पुढे आली होती आणि काहीतरी बोलणार होती. साळिंदराने कुणाच्या लक्षात येऊ नये इतपत मान हलवली. ती थांबली.

"नाही," साळिंदर म्हणाला.

"मग उद्यापासून येऊ नका."

ती हललेली मान वानराच्या नजरेतून सुटली नव्हती. "बघितलंत?" तो कावळ्याच्या कानाशी म्हणाला. "पोरांना तोंडसुद्धा उघडू देत नाही. काय हा धाक!"

दुसऱ्या दिवशी उंबराखाली सगळे जमले. कुणी बोलावले नव्हते, पण जो तो फळे घेऊन आला. साळिंदर कसा चालतो ते एका तरसाने करून दाखवले आणि लोकांनी ते पुन्हा पुन्हा करायला लावले.

"मी तर पहिल्याच दिवशी म्हटलं होतं," रानडुक्कर म्हणाले. "चालीवरूनच ओळखलं."

"पहिल्या दिवशी तू चिखलात लोळत होतास," कावळा म्हणाला.

"लोळता लोळताच म्हटलं."

मोराने पिसारा फुलवला. "आता सरावही नाही. आता तरी नाच बघायला ये म्हणावं!"

एक घोरपड कडेला बसली होती. ती हळूच म्हणाली, "माझ्या पोराचा पाय मोडला होता तेव्हा ते रोज घरी येत. पुन्हा पळता येईपर्यंत आले."

 उंबरे चघळणारी तोंडे थांबली.

"पळायला शिकवलं, जिंकायला नाही ना शिकवलं!" रानडुक्कर म्हणाले, आणि हशा परत आला. सगळ्यांना सुटल्यासारखे वाटले.

थोड्या वेळाने कावळ्याने विचारले, "पण काय हो वानरभाऊ, आता पुढच्या सामन्याला ओरडायचं कुणावर?"

"आता ओरडायची वेळच येणार नाही," वानर म्हणाला. ते सगळ्यांना पटले. पण का कोण जाणे, थोडी चुटपुटही लागली.

वानराची लेक त्या गर्दीत नव्हती. ती वरच्या फांदीवर बसली होती. वानर तिच्यासाठी पिकली उंबरे घेऊन वर गेला. "घे. आता तुला कोण बाहेर काढतो ते बघतो. आता शेवटपर्यंत तूच."

"बाबा, सर कुठं गेले?"

"गेले असतील मुळं उकरायला. तुला काय त्याचं?"

"बाबा, मला तुम्हाला एक..."

तेवढ्यात खालून हाका आल्या. "वानरभाऊ, या लवकर! तरस पडला बघा साळिंदरासारखा!" वानर हसत हसत खाली गेला. लेकीने उंबरे फांदीच्या बेचक्यात ठेवली. ती तिथेच राहिली.

साळिंदराच्या जागी कोल्हा आला. तो सगळ्यांना आवडे. तो प्रत्येकाच्या घरची चौकशी करी. मोराचा नाच त्याने आधी पाहिला आणि सराव नंतर घेतला. "मंडळी," तो म्हणे, "खरे खेळाडू तुम्हीच. आम्ही फक्त कवठ टाकतो." असे बोलणे त्या मैदानावर पूर्वी कुणी ऐकले नव्हते.

पुढच्या सामन्याला फांदी फांदी भरली होती. सावली वारुळाजवळ आली तेव्हा दोन्ही संघ बरोबरीत होते. कोल्ह्याने वानराच्या लेकीला आत ठेवले. कवठ तिच्या हातात आले. वानराच्या छातीत मावेनासे झाले. तो उभा राहिला आणि जन्मात केली नव्हती एवढी मोठी हूप त्याने केली. सगळे जंगल त्याच्यामागे ओरडू लागले.

लेकीने हात वर केला. कवठ सुटले ते ढोलीच्या आसपासही गेले नाही. अर्जुनाला वळसा घालून ते झुडपात पडले. पलीकडच्यांनी ते उचलले आणि सावली टेकायच्या आत अलीकडच्यांच्या ढोलीत टाकले.

कोल्हा खडकावर चढला. "चूक कु..." गव्याने सुरुवात केली आणि वानराने सवयीने छाती भरून घेतली. प्रश्न संपण्याआधीच त्याची हूप सुटली. बाकीच्यांनी ती उचलली. हातात सालपटे तयारच होती.

"आता मी काय सांगू?" कोल्हा नम्रपणे म्हणाला. "शेवटची फेक कुणाची होती ते तुम्ही पाहिलंच." आणि त्याने वानराच्या लेकीकडे बोट केले.

सालपटे वळली. आवाजही वळला. ती मैदानाच्या मधोमध उभी होती. साळिंदराच्या अंगावर काटे होते. हिच्या अंगावर नव्हते.

वानराचे तोंड अजून उघडे होते. आपलाच आवाज आपल्याला ऐकू येतो आहे आणि तो कुठे चालला आहे हे दिसते आहे, असे त्याला आयुष्यात प्रथमच झाले. त्याने फांदीवरून उडी टाकली आणि धावत जाऊन तो लेकीसमोर उभा राहिला. काहींना ती गंमत वाटली. दोन कोयी त्यालाही लागल्या. आधी कावळा गप्प झाला, मग हळूहळू बाकीचे.

घरी जाताना लेक काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती सरावाला गेली नाही. फळे समोर ठेवली तर थोडी खाई, हाक मारली तर मान वर करी, आणि पुन्हा ओढ्याच्या पाण्याकडे बघत बसे. वानराने कोल्ह्याला नावे ठेवली, अस्वलाच्या पोराला नावे ठेवली, पलीकडच्यांना लबाड म्हटले. ती ऐकत होती, पण तिचा चेहरा बदलला नाही. तेव्हा वानर घाबरला. लेक डोळ्यांसमोर असूनही आपल्यापासून लांब जाते आहे असे त्याला वाटू लागले, आणि कितीही जोरात हाक मारली तरी ती तिथपर्यंत पोचणार नव्हती.

एका दुपारी तो साळिंदराच्या बिळाशी गेला. साळिंदर मुळे उकरत होता.

"सर," वानर म्हणाला. हा शब्द त्याने पहिल्यांदाच वापरला होता. "तुम्ही तिला बाहेर का काढत होता?"

"तिला विचारा."

"ती बोलत नाही."

"विचारा आणि गप्प बसा. तिला उत्तर द्यायला वेळ लागतो. मलाही बरंच थांबावं लागलं होतं."

"त्या दिवशी खडकावर सांगायचं होतंत. तुमची जागा तरी राहिली असती."

"राहिली असती," साळिंदर म्हणाला. "पण तिनं ते मला एकट्याला सांगितलं होतं. ते चारचौघांत सांगून कसं चालेल?"

वानर खाली बसला. मग म्हणाला, "परत येता? मी गवेदादांशी बोलतो."

"नको." त्याच्या आवाजात राग नव्हता. "तिला बाहेर काढलं की आपण हरणार, हे मला दर वेळी दिसत असे. तरी काढत होतो. जिंकून देणारा प्रशिक्षक तुम्हाला हवा होता, तो मी नव्हतो. तुमचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं."

वानर माफी मागायला आला होता. एवढा मोठा आवाज असलेल्या त्या वानराला तेवढे चार शब्द नीट उच्चारता आले नाहीत. साळिंदराने एक मूळ त्याच्याकडे सरकवले. "कडू आहे," तो म्हणाला. "पण खाऊन बघा." दोघांनी बसून मुळे खाल्ली.

त्या संध्याकाळी वानर ओढ्याकाठी लेकीच्या शेजारी बसला. "सर तुला बाहेर का काढायचे?" त्याने विचारले, आणि मग तो गप्प बसला. त्याला ते फार जड गेले. बगळे परतले. म्हशी पाण्यातून निघून गेल्या. तो पुन्हा पुन्हा तोंड उघडे आणि मिटून घेई.

"सावली वारुळाजवळ आली की ओरडायला लागतात ना," लेक अखेर म्हणाली, "तेव्हा माझे हात थरथरतात. कवठ धरवत नाही. सरांनी ते पाहिलं. ते म्हणाले, हात थांबेपर्यंत मी तुला शेवटी ठेवणार नाही, आणि लोकांचं मी बघतो."

"मग मला का नाही सांगितलंस, बाळ?"



"सगळ्यांत मोठा आवाज तुमचाच असतो, बाबा. मला तो एवढ्या आवाजांतही वेगळा ओळखू येतो."

'मी तुझ्यासाठीच ओरडत होतो,' हे वानराच्या ओठांपर्यंत आले. ते खरेही होते. पण त्याने ते गिळले. तिचा हात त्याने आपल्या हातात घेतला, आणि दोघे अंधार पडायच्या आत घरी आले.

तो हंगाम ती खेळली नाही. पण काही दिवसांनी सकाळी सकाळी, मैदान मोकळे असताना, ती कवठ घेऊन अर्जुनासमोर उभी राहू लागली. वानर बरोबर जाई. ती टाकी. हुकले की तो झुडपातून कवठ शोधून आणी आणि तिच्या हातात देई. गेले तरी झाडावर चढून ढोलीतून काढून आणी आणि तसेच देई. तो 'वा' म्हणत नसे आणि 'अरेरे'ही म्हणत नसे.

अशाच एका सकाळी कावळा उडत आला आणि शेजारच्या फांदीवर बसला.

"वानरभाऊ, आहात कुठं? तुमची फांदी रिकामी बघवत नाही हो. आणि ऐकलंत का? कोल्ह्यालाही काढायचं म्हणताहेत सगळे. दर वेळी कुठल्यातरी पोराकडे बोट दाखवतो. काल अस्वलाच्या पोराची आई गव्यावर धावून गेली! आज संध्याकाळी खडकापाशी या. तुम्ही एक आवाज दिलात की कोल्हा गेलाच म्हणून समजा."

"मी नाही येणार," वानर म्हणाला.

"का? तो कोल्हा तुम्हाला बरा वाटतो की काय?"

"नाही वाटत. गवेदादांना मी ते जाऊन सांगेन. नीट, त्यांच्या समोर बसून. आणि ती खडकावरची रीत बंद करा, असंही सांगेन. पण ओरडायला येणार नाही."

"रीत बंद? मग सामना संपल्यावर लोकांनी करायचं काय?"

"घरी जायचं," वानर म्हणाला.

कावळ्याला हे विचित्र वाटले. त्याने मान एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने वाकडी करून वानराकडे पाहिले. तेवढ्यात समोर लेकीने कवठ उचलले. कावळ्याला राहवले नाही. "काव! काव! टाक पोरी, टाक!" तो जोरजोरात ओरडू लागला आणि त्याच्या हाकेने आणखी पाचपन्नास कावळे कुठून कुठून येऊन गलका करू लागले.

लेकीने वळून वडिलांकडे पाहिले. वानर गवतात बसला होता. त्याचे तोंड मिटलेले होते आणि डोळे तिच्याकडे होते. ती पुन्हा झाडाकडे वळली. तिने हात वर केला आणि कवठ सोडले.

"गेलं की!" कावळा आनंदाने म्हणाला. "का कडेला लागून परत आलं? मधे हा एवढा थवा आला, मला नीट दिसलंच नाही. वानरभाऊ, गेलं का हो?"

"माहीत नाही," वानर म्हणाला.

"माहीत नाही कसं? तुम्ही अगदी समोर बसलाय!"

"मी तिचा हात बघत होतो," वानर म्हणाला. "हलला नाही."

तात्पर्य : ज्याच्यावर आपण सगळे मिळून ओरडतो, त्याच्या आडोशाला कधी कधी आपलेच लेकरू उभे असते, म्हणून कुणाला घालवण्याआधी थोडा वेळ गप्प राहून नीट पाहावे.